नऊ अक्षरांत दडलेले तीन शब्द

लांबलचक इंग्रजी शब्द समोर आला की आपली भलीभली माणसे गप्प होतात. वस्तीत दहा जणांचे भांडण सोडवणारा माणूस दवाखान्याच्या कागदावरचा किंवा बँकेच्या फॉर्मवरचा एखादा बारा-पंधरा अक्षरांचा शब्द पाहतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "साहेब, सही कुठे करू तेवढे सांगा." आम्ही कचेरीत कारकून आहोत. टेबलाच्या अलीकडून हे दृश्य आम्ही रोज पाहतो. टेबलाच्या पलीकडे उभा असलेला तो माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो, हेही आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून आज एका खेळाविषयी लिहीत आहोत. काही इंग्रजी अक्षरे द्यायची आणि ती सर्व ज्यात आली आहेत असा जास्तीत जास्त लांबीचा शब्द शोधायचा, एवढाच हा खेळ. वाचकहो, तुम्ही म्हणाल, घरात नळाला पाणी नाही, पोराला नोकरी नाही, आणि हे गृहस्थ शब्दांचे खेळ काय सांगत बसले? पण थोडा धीर धरा. या खेळाने एका मावशीचे गंठण वाचले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी पाचवी ते दहावीची मुले जमतात. इंग्रजीचे नाव काढले की निम्मी मुले खिडकीबाहेर पाहू लागत. व्याकरणाचे पुस्तक उघडून काही साधेना. तेव्हा आम्ही जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, त्यांच्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कापले आणि प्रत्येकावर एकेक इंग्रजी अक्षर लिहिले. एका रविवारी नऊ तुकडे फरशीवर टाकले: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. आणि म्हणालो, "नऊही वापरून एक शब्द करा. तो तुम्ही रोज ऐकता."

दहा मिनिटे गेली. एका मुलीने 'एज्युकेशन' लावला. टाळ्या झाल्या. आम्ही म्हणालो, "आता हेच नऊ तुकडे हलवा. आणखी दोन शब्द आहेत." मुलांना खरेच वाटेना. शेवटी आम्हीच तुकडे सरकवले. एक झाला 'कॉशन्ड', म्हणजे ताकीद दिलेला, सावध केलेला. दुसरा झाला 'ऑक्शन्ड', म्हणजे लिलावात निघालेला. अक्षर एकही कमी नाही, एकही जास्त नाही. शिक्षण, ताकीद आणि लिलाव एकाच नऊ अक्षरांत! मुले त्या तुकड्यांकडे पाहतच राहिली.

कान एक सांगतो, स्पेलिंग दुसरेच

आपल्या मुलांना हा खेळ सुरुवातीला अवघड का जातो, याचाही विचार केला पाहिजे. मुलांची बुद्धी कमी असते म्हणून तसे होते असे मुळीच नाही. आपली लिपीच वेगळ्या घडणीची आहे. आपण 'शिक्षण' लिहितो ते तीन अक्षरांत. त्यात स्वर वेगळे दिसत नाहीत. 'शि' मधला इकार श ला चिकटलेला, 'ण' मधला अ तर डोळ्यांना दिसतच नाही. इंग्रजीत मात्र स्वर व्यंजनाच्या शेजारी स्वतंत्र जागा घेऊन बसतो. बाराखडीवर वाढलेला आपला कान 'एज्युकेशन' ऐकतो तो चार तुकड्यांत: ए, ज्यु, के, शन. लिहायला मात्र नऊ अक्षरे लागतात. शेवटच्या एका 'शन' मध्येच टी, आय, ओ, एन अशी चार अक्षरे दडलेली असतात.

शिवाय हा 'शन' मोठा बहुरूपी आहे. 'नेशन' मध्ये तो टी घेऊन येतो, 'पेन्शन' मध्ये एस घेऊन, 'म्युझिशन' मध्ये सी घेऊन, 'फॅशन' मध्ये एस-एच घेऊन. आवाज एक आणि कपडे चार. मुलगा स्पेलिंग चुकला की आपण त्याला ठोंब्या म्हणतो. अहो, घोळ भाषेत आहे, पोरात नाही. अक्षरांचे तुकडे हातात घेऊन हलवले की हा घोळ डोळ्यांना दिसतो. एकदा दिसला की त्याची भीती राहत नाही.

लांब शब्द म्हणजे आगगाडी

आता शब्द शोधायचा कसा? आम्ही मुलांना चार युक्त्या सांगतो. पहिली, दिलेली अक्षरे ओळीत न लिहिता गोल मांडा. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडे वाचत सुटतो आणि त्याच क्रमात अडकतो. दुसरी, ए, ई, आय, ओ, यू हे स्वर एका बाजूला काढा आणि वाय जवळ ठेवा, कारण तो अनेकदा स्वराचे काम करतो. तिसरी, जोडीने राहणारी अक्षरे ओळखा. सी-एच, एस-एच, टी-एच, सी-के ही जोडपी आहेत, आणि क्यू दिसला की यू शोधायचाच. चौथी युक्ती सर्वांत महत्त्वाची. शब्दाचे शेपूट आणि डोके शोधा. टी-आय-ओ-एन, आय-एन-जी, एम-ई-एन-टी, ए-बी-एल-ई, आय-टी-वाय ही शेपटे. यू-एन, आर-ई, डी-आय-एस, एम-आय-एस, एस-यू-बी ही डोकी. डोके आणि शेपूट बाजूला काढले की मधे उरते ते मूळ, आणि ते बहुतेक वेळा ओळखीचे निघते.

उदाहरण घेऊ. पी, आर, टी ही तीन अक्षरे दिली आणि सांगितले की शब्दात ती कुठेही चालतील, पण शब्द लांब हवा. पहिला मुलगा म्हणतो 'पार्ट'. चार अक्षरे. दुसरा म्हणतो 'प्रॉपर्टी'. आठ. तिसरी 'डिपार्टमेंट' म्हणते, दहा. मग कोणी 'अपॉर्च्युनिटी' आणतो, अकरा. एका मुलाने 'प्रेझेंट' सांगितला. शाळेत हजेरीला रोज म्हणतो तोच, सात अक्षरांचा. आम्ही म्हणालो, याला इंजिन लाव. आर-ई लावल्यावर 'रिप्रेझेंट' झाला, नऊ अक्षरे, म्हणजे प्रतिनिधित्व करणे. मागे डबा जोडला, 'रिप्रेझेंटेशन' झाला, चौदा, म्हणजे प्रतिनिधित्व. पुढे आणखी एम-आय-एस जोडले, 'मिसरिप्रेझेंटेशन' झाला, सतरा, म्हणजे खोटे किंवा दिशाभूल करणारे कथन. हा शेवटचा शब्द करारपत्रांत आणि विम्याच्या कागदांत हमखास असतो. शाळेतल्या हजेरीपासून निघालेली गाडी विम्याच्या कागदापर्यंत गेली, आणि मधे कुठेही पाठांतर करावे लागले नाही.

इंग्रजीतील प्रसिद्ध लांब शब्दांपैकी एक अठ्ठावीस अक्षरांचा आहे, 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम'. वाचतानाच धाप लागते. पण डबे सोडवा. अँटि, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरियन, इझम. मधला 'एस्टॅब्लिशमेंट' कचेरीत काम करणाऱ्याला रोजचा आहे. पगार, रजा आणि बढती पाहणारी आपली आस्थापना शाखा इंग्रजीत हेच नाव घेऊन बसते. इंग्लंडमध्ये चर्चला असलेला राज्याचा अधिकृत दर्जा काढून घेऊ नये असे म्हणणाऱ्यांच्या मताला हा शब्द होता. एवढा मोठा शब्द, आणि आत निघाला आपला नेहमीचा आस्थापना विभाग!

बेकार माणसाने मोजलेली अक्षरे

शब्द शोधताना आणखी एक गोष्ट कळते. सगळी अक्षरे सारखी राबत नाहीत. इंग्रजीत सर्वांत जास्त राबते ते ई. तारखात्याच्या मोर्स लिपीत ई साठी फक्त एक टिंब आहे, कारण जे वारंवार लागते ते थोडक्यात उरकले पाहिजे. अमेरिकेत १९२९ नंतर महामंदी आली, तेव्हा आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुशिल्पकाराची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्याने वर्तमानपत्राची पाने पुढे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून काढले. त्या हिशेबावर त्याने एक खेळ रचला. १९४८ मध्ये त्या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले. त्यात शंभर सोंगट्या असतात. ई च्या बारा, ए आणि आय च्या नऊ-नऊ, आणि क्यू व झेड ची प्रत्येकी एकच. जे अक्षर दुर्मिळ त्याला गुण जास्त, म्हणून क्यू आणि झेडला दहा-दहा गुण. एस च्या सोंगट्या मात्र चारच. एस लावला की बहुतेक नामांचे अनेकवचन होते आणि खेळ फार सोपा होतो, म्हणून त्या कमी ठेवल्या.

आमचे लग्नपत्रिकांचे तुकडेही याच हिशेबाने केलेले आहेत. स्क्रॅबलचा डबा विकत घेण्याची गरज नाही. पुठ्ठा, कात्री आणि पेन पुरे.

दूरदेशीही हा खेळ लोकप्रिय आहे. फ्रान्समध्ये १९६५ साली दूरदर्शनवर याच नावाचा कार्यक्रम सुरू झाला, 'सर्वांत लांब शब्द'. त्यावरून इंग्लंडमध्ये 'काउंटडाउन' हा कार्यक्रम निघाला. २ नोव्हेंबर १९८२ रोजी तिथली चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली ती याच कार्यक्रमाने. नऊ अक्षरे आणि तीस सेकंद. आणि हा खेळ इंग्रजी घरात बोलणाऱ्यांनाच जमतो असे समजू नका. स्क्रॅबलची इंग्रजी जागतिक स्पर्धा २००३ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये थायलंडच्या खेळाडूंनी जिंकली. थाई माणसाची मातृभाषा वेगळी, लिपीही वेगळी. त्यांना जमले ते आपल्या मुलांना का जमू नये?

पाच स्वरांची शिकार

मुलांना सर्वांत आवडतो तो पाच स्वरांचा डाव. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही ज्यात आहेत असे शब्द आठवडाभर शोधायचे आणि रविवारी आणायचे. अट एकच. शब्द जिथे दिसला ती जागा सांगायची. पुस्तकातून उतरवलेला शब्द चालेल, पण बाहेर सापडलेल्याला दुप्पट गुण.

पहिल्याच आठवड्यात काय काय आले पाहा. भाजीच्या दुकानातल्या पाटीवरून 'कॉलीफ्लॉवर' आला. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या पत्रकातून 'न्यूमोनिया' आला. एकीने नोकरीच्या जाहिरातीतून 'हाउसमेड' आणला. सिनेमाच्या चर्चेतून 'डायलॉग' आला. प्रगतिपुस्तकातून 'बिहेव्हियर' आला. आणि मग नोटिशींचे शब्द येऊ लागले. 'रेग्युलेशन', 'अनऑथराइज्ड', 'इव्हॅक्युएशन', 'रेग्युलरायझेशन'. नियम, अनधिकृत, जागा रिकामी करणे, नियमित करून घेणे. ज्या चार शब्दांवर आपल्या वस्त्यांचे जगणे टांगलेले असते, त्या चारांतही पाचही स्वर हजर! एका मुलाच्या वडिलांच्या निवृत्तीच्या कागदावर 'सुपरॲन्युएशन' सापडला. सुपर म्हणजे वर, ॲनस म्हणजे लॅटिनमध्ये वर्ष. वर्षे भरली, ठरलेले वय उलटले, म्हणून निवृत्ती. शेजारीच मेहनतान्याचा 'रेम्युनरेशन' होता. याच्या स्पेलिंगमध्ये आधी एम येतो आणि मग एन. चांगले पदवीधरही त्याची उलटापालट करतात. आमच्या टेबलावरून असे कितीतरी कागद गेले आहेत.

शब्दांच्या गमतीही मुलांना कळू लागल्या. 'फसीशसली' म्हणजे थट्टेने. त्यात पाचही स्वर ओळीने येतात आणि शेवटी वाय. आपल्या भारतीय उपखंडाला लावायच्या 'सबकॉन्टिनेन्टल' या विशेषणात तेच पाच स्वर बरोबर उलट्या क्रमाने येतात, यू, ओ, आय, ई, ए. 'अनकॉपीराइटेबल' या पंधरा अक्षरी शब्दात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. 'स्ट्रेंग्थ्स' हा नऊ अक्षरांचा शब्द एकाच स्वरावर उभा आहे. रांगेत उभे राहण्याला 'क्यूइंग' म्हणतात. त्याच्या एका स्पेलिंगमध्ये क्यू च्या मागे पाच स्वर अगदी रेशनच्या रांगेसारखे एकामागे एक उभे असतात.

आम्ही वाणिज्य शाखेचे. अकरावी-बारावीत बुककीपिंगचा विषय होता, पण त्या शब्दातली गंमत कोणी दाखवली नव्हती. मधली रेघ न देता लिहिला तर त्यात दोन ओ, दोन के, दोन ई अशा तीन जोड्या लागोपाठ येतात. हिशेबनिसाने दुहेरी नोंद करायची असते हे त्याचे नावच सांगते, असे आम्ही मुलांना हसत सांगतो.

टंकलेखनाच्या वर्गात आम्ही वरच्या ओळीवर बोटे घोटली. त्या एका ओळीतल्या दहा अक्षरांतून किती लांब शब्द निघतो, हाही जुना डाव आहे. 'टाइपरायटर' हा शब्द स्वतःच त्या ओळीत पुरा बसतो, दहा अक्षरे. 'प्रोप्रायटर' म्हणजे मालक, तोही त्याच ओळीत. 'प्रॉपर्टी' म्हणजे मालमत्ता, तीही तिथेच. मालक आणि मालमत्ता दोघेही वरच्या ओळीत आरामात बसलेले! 'लेबर' हा शब्द मात्र बोटे तिन्ही ओळींत राबल्याशिवाय उमटत नाही.

गंठण वाचले ते असे

आता ती हकीकत. आमच्या गल्लीतील एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी गंठण एका खासगी कंपनीत तारण ठेवले होते. व्याजाचे दोन-तीन हप्ते थकले. एक दिवस रजिस्टर पोस्टाने पत्र आले, सगळे इंग्रजीत. अशी व्याजाच्या आठवणीची पत्रे आधीही आली होती. हेही तसलेच समजून मावशींनी ते कपाटावर ठेवले.

शेजारची नववीतली मुलगी, आमच्या रविवारच्या वर्गातली, त्यांच्याकडे आली होती. पत्र उघडे होते. सगळे पत्र तिला समजले असे नाही. पण चौथ्या ओळीत तिला एक ओळखीचा शब्द दिसला. नऊ अक्षरे, सुरुवातीला ए-यू, शेवटी ई-डी. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही फरशीवर सरकवलेले तेच तुकडे. ती म्हणाली, "मावशी, हे व्याजाचे पत्र नाही. यात लिलाव लिहिलाय. एज्युकेशनमधला लिलाव." आणि पळत आमच्याकडे आली.

पत्रातील तारखेला बारा दिवस उरले होते. आम्ही मावशींबरोबर गेलो. थकलेले व्याज भरले, मुदत वाढवून मिळण्याचा मराठीत अर्ज दिला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. दागिना वाचला. तिथल्या माणसाला आम्ही एवढेच विचारले, "धुणीभांडी करणाऱ्या बाईला पत्र लिहिता, तर तिला कळेल अशा भाषेत का लिहीत नाही?" तो म्हणाला, "छापील नमुना वरून येतो." उत्तर ऐकले आणि परत आलो. त्या मुलीच्या वडिलांनी दुसऱ्या रविवारी स्वतः पुठ्ठे कापून आणले.

शब्द सापडला, पुढे काय?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. शब्द सापडणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे स्क्रॅबलचे नामांकित खेळाडू. २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते! शब्दकोशातले शब्द त्यांनी नुसते पाठ केले होते. २०२४ मध्ये स्पॅनिश भाषेतही त्यांनी तेच करून दाखवले. त्यांच्या स्मरणशक्तीला सलाम. पण आपल्याला स्पर्धेचा चषक नको आहे. आपल्याला कागद वाचायचा आहे. अर्थाशिवाय शब्द पाठ असलेला माणूस चषक जिंकेल, पण नोटीस हातात आली तर तोही आपल्यासारखाच उभा राहील.

म्हणून आमच्या वर्गात गुणांचा नियम असा आहे. शब्द सापडला, अर्धे गुण. त्याचा अर्थ मराठीत सांगितला आणि तो कुठे वापरतात ते सांगितले, तर उरलेले अर्धे.

हा नियम का हवा, ते इंग्रजी कोशातला एक पंचेचाळीस अक्षरांचा शब्द सांगतो. अमेरिकेतील कोडी घालणाऱ्यांच्या संघाच्या अध्यक्षांनी १९३५ मध्ये तो सर्वांत लांब व्हावा म्हणून मुद्दाम रचला. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस'. डबे सोडवा. न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस, मग अतिसूक्ष्म, मग सिलिका, मग ज्वालामुखी, आणि शेवटी धुळीने होणारा आजार. अर्थ असा की अतिसूक्ष्म सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाला होणारा रोग. गंमत म्हणून केलेला शब्द! पण याच घराण्यातला खरा शब्द नऊच अक्षरांचा आहे, 'सिलिकोसिस'. दगडखाणीत, खडी फोडण्यात राबणाऱ्यांची छाती तो पोखरतो. मध्य प्रदेशातील मंदसौर भागात पाटीवरची पेन्सिल कापणाऱ्या कामगारांना त्याने ग्रासले. ज्या पेन्सिलीने कित्येकांनी पहिले अक्षर गिरवले, तिच्याच धुळीने. लांब शब्द ठाऊक असून हा छोटा ठाऊक नसेल, तर त्या माहितीचा उपयोग काय? कामगाराच्या रिपोर्टवर येतो तो हाच.

एकदा एका मुलाने घरातल्या फळीवरच्या बाबासाहेबांच्या पुस्तकाचे इंग्रजी नाव आणले, १९३६ सालचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. 'ॲनिहिलेशन' बारा अक्षरांचा. आत काय आहे? 'निहिल', लॅटिनमध्ये काहीही नाही, शून्य. जातीचे काहीही शिल्लक ठेवायचे नाही, तिचे शून्य करायचे, हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. हाच 'निहिल' एकोणतीस अक्षरांच्या 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' मध्येही बसला आहे. त्याचा अर्थ एखाद्याला कवडीमोल ठरवणे. त्या मुलाने दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले.

मोबाइल आहे, मग खेळ कशाला?

काही पालक विचारतात की आता मोबाइलमध्ये अक्षरे टाकली की शब्द निघतो, मग डोके कशाला शिणवायचे? खरे आहे. यंत्र हे काम क्षणात करते. कसे करते तेही सोपे आहे. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे ते वर्णक्रमाने लावून ठेवते. एज्युकेशन, ऑक्शन्ड आणि कॉशन्ड तिन्ही असे लावले की ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू हीच एक ओळ मिळते. तुमची अक्षरेही त्याच क्रमाने लावली की जुळणी झाली. हे वहीत हातानेही करता येते, आणि आमची मोठी मुले करतात.

मोबाइल जरूर वापरा, अर्थ पाहायला तर वापराच. पण मोबाइल शब्द देतो, धीटपणा देत नाही. पंधरा अक्षरांचा शब्द पाहून "याला सोडवू" असे मनात येणे ही सवय आहे, आणि ती लहानपणी हात लावूनच लागते.

घरी कसे खेळाल

पुठ्ठ्याचे शंभर तुकडे कापा. ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, एन, आर, टी प्रत्येकी सहा, डी, एल, एस, यू प्रत्येकी चार. बाकीचे दोन-तीन, आणि जे, के, क्यू, एक्स, झेड एकेक. एक-दोन तुकडे कोरे ठेवा, ते कोणत्याही अक्षराच्या जागी चालतील. रात्री जेवणे झाली की वीस मिनिटे पुरेत. लहानाला तीन अक्षरे द्या, मोठ्याला सहा किंवा नऊ.

पुढच्या आठवड्यासाठी एक डाव देतो. 'कॉन्स्टिट्यूशन' हा बारा अक्षरांचा शब्द घ्या, म्हणजे आपली राज्यघटना. त्याच्या अक्षरांतून जितके शब्द निघतील तितके काढा. आमच्या मुलांना 'युनियन' मिळाला, 'कॉटन' मिळाला, 'ट्युशन' मिळाला, 'कझिन' मिळाला. सर्वांत लांब मिळाला तो नऊ अक्षरांचा 'कन्ट्यूजन'. म्हणजे मुका मार. मारहाण झाल्यावर सरकारी दवाखान्यातून जो दाखला मिळतो त्यावर हा शब्द असतो, आणि केस पुढे कशी जाणार हे पुष्कळदा त्या दाखल्यावर ठरते. याहून लांब शब्द तुम्हाला सापडला तर अवश्य कळवा.

आता ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आईवडिलांनी, आजी-आजोबांनी काय करायचे? त्यांनी पंच व्हायचे. घड्याळ त्यांच्या हाती, गुणांची वहीही त्यांच्याच हाती. मुलाने शब्द लावला की त्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "याचा अर्थ काय रे बाळा, मला समजेल असा सांग." आजीला समजला तर पूर्ण गुण. नाही समजला तर अर्धे. आमच्या वर्गात सर्वांत कडक पंच आहेत त्या एक सत्तरीच्या आजी. त्यांना सही करता येते, वाचता येत नाही. पण पोराने अर्थ सांगताना गोलमाल केली की त्या लगेच ओळखतात आणि म्हणतात, "तुलाच कळलं नाही, तर मला काय सांगणार?"

हाच प्रश्न कचेरीत, बँकेत, दवाखान्यातही विचारायचा. साहेब, हा शब्द कोणता, याचा अर्थ काय, मला समजेल असा सांगा. सही त्यानंतर.